सहीआधीचा व्हिडिओ

कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत सकाळी अकराला जाऊन उभं राहा. दाराशी केसपेपरांची चळत, बाकांवर पाय ठेवायला जागा नाही, आत एका लांब टेबलाला दोन-तीन निवासी डॉक्टर आणि प्रत्येकापुढे एक पेशंट व त्याच्या खांद्यावरून वाकलेला पुढचा पेशंट. गजकर्ण, खरूज, पुरळ यांचं काम दोन-तीन मिनिटांत होतं. मलम कोणतं, किती दिवस लावायचं, चला पुढचे. खोळंबा होतो तो "हे काढावं लागेल" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा. काढायचं म्हणजे किती कापणार? भूल पुरी देणार की जागेवर? टाके पडणार? व्रण राहणार? परत येणार नाही ना? प्रश्न सगळे रास्त, पण मागे रांग उभी. मग टेबलावरून एक छापील कागद सरकतो. "मावशी, इथं सही करा. येत नसेल तर अंगठा द्या."

हा कागद हातात घेऊन नीट वाचायला हवा. तो बहुधा झेरॉक्सची झेरॉक्स असतो, त्यामुळे कडेची अक्षरं पुसलेली असतात. शस्त्रक्रियेचं नाव लिहायला एक रिकामी ओळ, आणि ती सही होताना रिकामीच राहिलेली. मग एक लांबलचक वाक्य: शस्त्रक्रियेचं स्वरूप, धोके आणि संभाव्य गुंतागुंत मला समजेल अशा भाषेत सांगण्यात आली आहे. शेवटी हमखास असतंच: काही बरंवाईट झाल्यास डॉक्टर व रुग्णालय जबाबदार राहणार नाही. या शेवटच्या वाक्याला निष्काळजीपणाच्या दाव्यात काडीची किंमत नाही, हे वकिलांना ठाऊक आहे आणि आता बहुतेक डॉक्टरांनाही. तरी ते छापलं जातं. पेशंट मात्र फक्त तेवढंच वाचतो, आणि त्याच्या पोटात गोळा येतो.

याच जागी गेल्या काही वर्षांत एक साधा उपाय सुचवला जातोय: सहीच्या आधी पेशंटला पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ दाखवा. काय करणार, कसं करणार, नंतर जखम कशी दिसेल, काय बिघडू शकतं आणि दुसरे मार्ग कोणते, हे सगळं त्यात असेल. डॉक्टरांनी मग येऊन प्रश्नांची उत्तरं द्यायची. ऐकायला इतकं सरळ आहे की त्यावर दीर्घ लेख कशाला, असं वाटेल. पण त्वचेच्या शस्त्रक्रियेत शिरलं की गुंता कळतो.

मुळात त्वचेच्या शस्त्रक्रियेला कोणी ऑपरेशन मानतच नाही. तीळ काढणं, चामखीळ जाळणं, चरबीची गाठ काढणं, जड कुड्यांनी फाटलेली कानाची पाळ शिवणं, बोटात रुतलेलं नख काढणं, निदानासाठी कातडीचा तुकडा घेणं. "दहा मिनिटांचं काम, लगेच घरी जाल," असं सांगतात आणि ते खरंही असतं. पेशंट जागा असतो. ओटीतल्या मावशी त्याच्याशी गप्पा मारत असतात. जिवाला धोका जवळजवळ नाही.

पण पित्ताशय काढलं तर आतली जागा पुन्हा कधी बघावी लागत नाही. गालावरचा तीळ काढला तर तो गाल रोज सकाळी आरशात समोर असतो. छातीवर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर काही जणांची कातडी जखम भरताना थांबायचं नावच घेत नाही. व्रण जाड होतो, खाजतो, मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो. याला केलॉइड म्हणतात. वाटाण्याएवढी गाठ काढायला आलेली मुलगी सुपारीएवढा केलॉइड घेऊन वर्षभरानं परत येते आणि विचारते, "हे आधी का नाही सांगितलं?" सावळ्या कातडीवर जखमेची जागा कित्येक महिने काळी राहू शकते, हेही सांगायला हवं. डॉक्टरला हे इतकं रोजचं झालेलं असतं की सांगायचं राहून जातं. आणि यातली बरीच कामं तातडीची नसतात. नाही केली तरी चालणार असतं. म्हणून तर करायचं की नाही हे ठरवायला पेशंटला पुरती माहिती हवी.

सगळ्यात अवघड आहे कोडाची शस्त्रक्रिया.

कोड जिवाला अपाय करत नाही, संसर्गानं पसरत नाही, त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. तरीही आपल्याकडे मुलीच्या मनगटावर पांढरा ठिपका दिसला की घर हादरतं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली श्वेता असोसिएशन ही कोड असलेल्यांची संघटना याच धास्तीशी झगडते आहे. 2006 साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'नितळ' चित्रपट केला. त्यातल्या नायिकेला कोड आहे. देविका दफ्तरदारांनी ती भूमिका केली होती. कोडाविषयी लोकांशी बोलायला कॅमेरा वापरण्याचं आपल्याकडचं हे ठळक उदाहरण. व्याख्यानांनी वर्षानुवर्षं जे साधलं नसतं, ते दोन तासांच्या गोष्टीनं साधू शकतं, हे या मंडळींनी ओळखलं होतं.

मलम, गोळ्या आणि अतिनील किरणांचे उपचार करूनही रंग परतला नाही, आणि डाग वाढायचा थांबला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांत 'थांबला' याचा अर्थ दिलेला आहे: निदान वर्षभर नवा डाग नाही आणि जुना वाढलेला नाही. ही अट फार महत्त्वाची, कारण चालू कोडात कातडीला जखम केली तर त्या जखमेतच नवा डाग उठू शकतो. घरच्यांना नेमकी हीच अट पटत नाही. लग्न ठरलेलं असतं. "मार्गशीर्षात मुहूर्त आहे, तोवर एवढं हाताचं घालवा," असं आई म्हणते. वर्षभर थांबायचं आणि मग पुढे रंग भरायला आणखी काही महिने, हे तिला सांगणं ही डॉक्टरांची खरी कसोटी असते.

पद्धती अनेक आहेत. सगळ्यात जुनी आणि स्वस्त म्हणजे पंच ग्राफ्टिंग: मांडीवरून किंवा कमरेखालून एक-दोन मिलिमीटर व्यासाचे कातडीचे ठिपके काढायचे, पांढऱ्या डागात तेवढीच छिद्रं पाडायची आणि त्यांत ते बसवायचे. ठिपके पाच-दहा मिलिमीटर अंतरावर असतात, मधली जागा रिकामी. मुंबईचे डॉ. सतीश सावंत यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे हे तंत्र रुळवण्यात मोठा वाटा उचलला. कोकणातल्या पेशंटला हे समजवायचं तर भाताच्या लावणीचं उदाहरण चपखल बसतं: रोप अंतरावर लावायचं, खाचर मग आपोआप भरतं. फक्त इथे भरायला महिने लागतात, आणि काही जणांच्या बाबतीत प्रत्येक ठिपका किंचित वर उचललेला राहतो. रंग येतो, पण हात फिरवला तर खडबड लागते.

दुसऱ्या पद्धतीत मांडीवर इंजेक्शनच्या सिरिंजा उलट्या बसवून त्यांतली हवा खेचून घेतात. आतल्या निर्वातामुळे दीड-दोन, कधी तीन तासांत कातडीचा वरचा पापुद्रा फुगून फोड येतो. तो पापुद्रा कात्रीनं अलगद कापून, घासून तयार केलेल्या पांढऱ्या डागावर पसरतात. कोलंबियाच्या डॉ. राफाएल फालाबेया यांनी 1971 मध्ये ही पद्धत मांडली. मोठी यंत्रं लागत नाहीत, म्हणून तालुक्याच्या गावातही ती करता येते. यातला एक टप्पा असा आहे की तो आधी माहीत नसेल तर पेशंटचं काळीज तुटतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी लावलेली ती कातडी वाळून गळून पडते. पेशंट घाबरून धावत येतो: "डॉक्टर, सगळं फुकट गेलं!" फुकट गेलेलं नसतं, रंगपेशी खाली चिकटलेल्या असतात आणि रंग नंतर पसरतो. पण हे ऑपरेशनच्या दिवशी, भीतीच्या भरात, एकदाच तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं?

तिसरी पद्धत पेशींच्या द्रावणाची. थोड्या कातडीतल्या रंगपेशी विकरानं सुट्या करून द्रावणात घेतात आणि कातडी घेतली त्याच्या कितीतरी पट, अगदी दहापटीपर्यंत मोठ्या डागावर त्या पसरतात. डॉ. संजीव मुळेकर यांनी रियाधच्या केंद्रात 2000 नंतर हे तंत्र सोपं करून मोठ्या संख्येनं वापरलं. ड्रेसिंग सुमारे आठवडाभर हलू द्यायचं नाही, ही यातली खरी मेहनत, आणि ती पेशंटनं करायची असते.

यातली कोणतीही पद्धत निवडा, बोटांची टोकं, सांधे, ओठ यांवर यश बेभरवशाचं. शरीराच्या एकाच बाजूला असलेलं आणि थांबलेलं कोड उत्तम साथ देतं. रंग आला तरी आजूबाजूच्या कातडीपेक्षा गडद किंवा फिका असू शकतो. मांडीवर जिथून कातडी घेतली तिथे खूण राहू शकते. डॉक्टरच्या हिशेबी डागाचा बराचसा भाग भरला म्हणजे उत्तम निकाल. पेशंटच्या मनात मात्र एकच चित्र असतं: आठवीत असतानाचा, डाग येण्यापूर्वीचा आपला हात. दोघं त्याच कागदावर सही करतात आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात. 1872 चा आपला करार कायदा म्हणतो की दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थानं राजी झाली, तरच ती संमती. कोडाच्या ओपीडीत त्या कलमाचा अर्थ जितका लख्ख कळतो तितका कोर्टातही कळत नसेल.

कायद्याचं आलंच आहे तर तेही बघून घेऊ. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये स्पष्ट केलं, आणि त्यानंतर संमतीचा कागद म्हणजे स्वतःचं चिलखत असं अनेकांना वाटू लागलं. पण 16 जानेवारी 2008 चा समीरा कोहली खटल्याचा निकाल या चिलखताला भगदाड पाडतो. चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाल्या. भूल दिलेल्या अवस्थेत, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन, गर्भाशय आणि अंडाशय काढण्यात आले. न्यायालयानं सांगितलं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि सज्ञान, सक्षम पेशंटच्या जागी आईची संमती चालत नाही. भरपाई पंचवीस हजारांची होती, म्हणजे रकमेनं काही नाही. पण पेशंटला काय सांगितलंच पाहिजे याची यादी त्या निकालात आहे: उपचार कोणता, कसा करणार, कशासाठी, त्याचे फायदे आणि परिणाम, पर्याय कोणते, महत्त्वाचे धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारा धोका सांगितलाच पाहिजे असं नाही, अशी सूटही न्यायालयानं दिली. भारतातले बहुसंख्य पेशंट गरीब आहेत, डॉक्टरांवर विसंबतात, म्हणून अमेरिकेचा कडक निकष इथे लावता येणार नाही, असं ते म्हणालं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये माँटगोमेरी खटल्यात याच्या पुढे पाऊल टाकलं: त्या पेशंटच्या जागी असलेल्या सुज्ञ माणसाला जे महत्त्वाचं वाटेल, ते सांगा. मला हा निकष जास्त माणुसकीचा वाटतो. गायिकेला ओठावरच्या व्रणाचं जे महत्त्व, ते सगळ्यांना असेलच असं नाही.

आपल्याकडचे डॉक्टरांच्या आचरणाचे 2002 चे नियम मात्र आजही एका मजेशीर वाक्यावर अडकून आहेत. शस्त्रक्रियेआधी पती किंवा पत्नीची, अज्ञान मुलाच्या बाबतीत आईवडिलांची वा पालकाची, किंवा यथास्थिती खुद्द पेशंटची लेखी संमती घ्यावी, असा त्याचा आशय. पेशंटचा नंबर शेवटी! त्याच्या जोरावर आजही तीस वर्षांच्या शिक्षिकेला काउंटरवर विचारतात, "मिस्टर आले नाहीत का? त्यांची सही लागेल." कानाची पाळ तिची.

आता व्हिडिओ. ही कल्पना का सुचावी, ते पाश्चात्त्य त्वचाशल्यविभागांकडे पाहिलं की कळतं. गोऱ्या कातडीच्या लोकांत उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग फार. त्यासाठी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोस यांनी 1930 च्या दशकात एक पद्धत सुरू केली: थर काढायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, कडेला रोग दिसला तर तेवढ्याच जागेचा आणखी एक थर काढायचा. पेशंट दिवसभर बसून राहतो आणि कधी कधी नाकपुडीएवढं भगदाड पाहून हबकतो. एकाच केंद्रात एका दिवसात अनेक पेशंट, प्रत्येकाला तीच माहिती, तेच धोके. संध्याकाळपर्यंत सर्जनच्या तोंडून तेच वाक्य अर्धवट निघू लागतं. अशा वेळी पाठ असलेला भाग चित्रित करून ठेवावा, असं वाटणं साहजिक आहे.

मग अभ्यास झाले. बायोप्सीच्या पेशंटना हातात धरायच्या छोट्या पडद्यावर संमतीची माहिती आणि जखमेची काळजी दाखवून पाहणारी एक चाचणी 2010 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजी'त आली. व्हिडिओ पाहणाऱ्यांना माहिती जास्त कळली आणि त्यांना ही पद्धत आवडलीही. सगळ्या शस्त्रक्रियांसाठी संमती सुधारण्याच्या निरनिराळ्या उपायांचा एक मोठा आढावा कोक्रेन संस्थेनं 2013 मध्ये काढला. त्यात 65 चाचण्या आणि 9,021 पेशंट होते. माहितीपत्रक, व्हिडिओ, संगणक, अशा साधनांनी पेशंटना जास्त कळतं आणि जास्त काळ लक्षात राहतं, असं दिसलं. चिंता वाढली नाही. "सगळं सांगितलं तर पेशंट पळून जाईल" असं आपल्याकडे ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, त्यांनी हा निष्कर्ष आवर्जून वाचावा. मात्र 2014 मध्ये औषध चाचण्यांतल्या संमतीसाठी दृक्‌श्राव्य साधनांचा आढावा याच संस्थेनं काढला, तेव्हा 16 अभ्यास आणि 1,884 सहभागी जमेस धरूनही उत्तर बेताचंच मिळालं: समज कदाचित थोडी सुधारते, पण पुरावा कच्चा आहे. म्हणजे व्हिडिओ लावला की काम फत्ते, असं विज्ञान म्हणत नाही.

व्हिडिओला एक गोष्ट मात्र नक्की जमते: तो पुन्हा बघता येतो. डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी 2003 च्या एका लेखात आजवरचं संशोधन गोळा करून दाखवलं की डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के गोष्टी पेशंट लगेचच विसरतो, आणि जे लक्षात राहतं त्यातलं निम्मं चुकीचं असतं. "सांगितलं होतं ना तुम्हाला" आणि "नाही हो, कोणी सांगितलंच नाही" या वादात दोघंही खरं बोलत असतात, ते असं.

चांगला व्हिडिओ कसा असावा? महागडा स्टुडिओ नको. त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, त्याच ओटीत, स्वतः बोलून केलेला हवा. पेशंटला उद्या तोच चेहरा दिसणार असतो. सुरुवातीला सुई दाखवावी, कारण सगळ्यांना भीती तिचीच. जागेवरची भूल देताना चुरचुरतं, नंतर ओढल्यासारखं कळतं पण दुखत नाही, हे स्पष्ट सांगावं. रक्त दाखवायचं की नाही यावर वाद आहे. माझ्या मते थोडं दाखवावं, अचानक नको. मग पहिल्या दिवसाचं ड्रेसिंग, आठव्या दिवसाची जखम, महिन्यानंतरचा लालसर-काळसर व्रण, सहा महिन्यांनी. कोडाच्या व्हिडिओत गळून पडलेली कातडी दाखवायलाच हवी, आणि "घाबरू नका, पण हे सांगायला फोन जरूर करा" असं म्हणणारी सिस्टरसुद्धा. सगळ्यात महत्त्वाचं: फसलेल्या केसेसचे फोटो. रंग न आलेला डाग, खडबडीत उंचवटे, केलॉइड. त्या पेशंटची लेखी परवानगी घेऊन, चेहरा झाकून, पण दाखवायचेच. हे फोटो व्हिडिओत नसतील तर ती माहिती राहत नाही, जाहिरात होते.

आणि पर्याय. "काहीही न करणं" हाही एक पर्याय म्हणून व्हिडिओत यायला हवा. कोड झाकणारा मेकअप असतो, त्याची माहिती द्यावी. चरबीची गाठ दुखत नसेल तर तशीच ठेवली तरी चालते, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकणं फार मोलाचं असतं, कारण यात त्यांचा आर्थिक फायदा शून्य.

बोली हा मोठा प्रश्न. पुण्यात चित्रित झालेली शुद्ध मराठी धडगावात काय कामाची? तिथे पावरी किंवा भिली बोलणारी आशाताई मागून आवाज देऊ शकते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, जळगाव-धुळ्याकडे अहिराणी. चित्र तेच ठेवून आवाज बदलायला फारसा खर्च येत नाही. वाचता न येणाऱ्याला छापील फॉर्मपेक्षा हे कितीतरी बरं. ऐकू न येणाऱ्यांसाठी खाली मजकूर आणि सांकेतिक भाषा. दर तीस-चाळीस सेकंदांनी थांबायची सोय हवी, नाहीतर आजी पहिल्या सुईपाशीच अडकलेल्या आणि व्हिडिओ टाक्यांपर्यंत पोहोचलेला.

कधी दाखवायचा, हेही ठरवावं लागतं. ओटीत झोपवल्यावर, हाताला सलाइन लावल्यावर, टॅब्लेट समोर धरून "हे बघा आणि सही करा" म्हणणं ही निव्वळ थट्टा आहे. त्या क्षणी कोणी नाही म्हणत नाही. आदल्या भेटीत, शक्यतो बरोबरच्या माणसासह, आणि मग घरी नेता येईल असा. व्हॉट्सॲपवर पाठवणं सोपं वाटतं, पण घरात एकच फोन असतो. मुलीच्या कोडाचा व्हिडिओ सासरच्या फोनवर गेला तर तिचं काय होईल, हा विचार पाठवणाऱ्यानं आधी करायला हवा. पेशंटला विचारून, तिच्या फोनवर, तिच्या सांगण्यानं, एवढंच.

कॅमेऱ्याचा दुसरा वापर याच्या अगदी उलटा आहे, आणि दोन्हींची गल्लत होते. एक व्हिडिओ पेशंटला दाखवायचा असतो. दुसऱ्यात कॅमेरा पेशंटवर रोखलेला असतो. औषध चाचण्यांतल्या गैरप्रकारांविरुद्ध इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2013 मध्ये संमती घेतानाचं चित्रण करायला सांगितलं, आणि 19 नोव्हेंबर 2013 ला केंद्रीय औषध नियंत्रकांनी तसा आदेश काढला. हेतू चांगला होता: गरिबाला न सांगता त्याच्यावर औषध वापरलं जाऊ नये. 31 जुलै 2015 ला नियम सैल झाला. आता नव्या रासायनिक औषधाच्या चाचणीत, दुर्बल गटातल्या सहभागींसाठी चित्रण सक्तीचं. त्यात एक तरतूद अशी की एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या चाचणीत फक्त आवाज नोंदवायचा, चेहरा नको. कुष्ठरुग्णाचा चेहरा कॅमेऱ्यात कैद होणं म्हणजे काय, हे नियम लिहिणाऱ्याला कळलं होतं. कोडाच्या पेशंटलाही तोच विचार लागू पडतो, पण तसा नियम नाही.

खासगी क्लिनिकांत मात्र आता फोन उचलून "बोला, मला सगळं समजलं आहे" असं पेशंटकडून वदवून घेण्याची पद्धत रुजतेय. डॉक्टरांवर होणारे हल्ले आणि दावे पाहता त्यांची भीती समजते. पण कॅमेऱ्यासमोर "समजलं" म्हणणं आणि समजणं यांत फॉर्मवरच्या सहीइतकंच अंतर आहे. भारतीय न्याय संहितेच्या 28 व्या कलमानुसार (पूर्वीचं दंड विधानाचं कलम 90) वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नाही. ती चित्रित झाली म्हणून ती बदलत नाही. शिवाय हे चित्रण कुठे साठवतात? कोणाच्या फोनमध्ये, कोणत्या खात्यावर? 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. तरी अनेक क्लिनिकांत पेशंटचे 'आधी-नंतर'चे फोटो रिसेप्शनिस्टच्या मोबाइलमध्येच असतात. इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी ही शस्त्रक्रियेच्या परवानगीत गुंडाळून घेतली जाते. ती वेगळी, स्वतंत्र कागदावर आणि नाकारता येईल अशीच असायला हवी.

इन्स्टाग्रामचं नाव निघालं म्हणून केस-प्रत्यारोपणाबद्दल दोन शब्द. तीही त्वचेचीच शस्त्रक्रिया, आणि लोकांनी तिच्याबद्दल जे काही ऐकलंय ते बहुतेक रीलमधून. मार्च 2019 मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केस-प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की यात तासन्‌तास भूल असते. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सूचना काढल्या आणि त्यांत स्पष्ट लिहिलं की यूट्यूब किंवा तत्सम माध्यमांवर बघून, नुसत्या कार्यशाळा करून ही शस्त्रक्रिया करायला कोणी पात्र होत नाही. यातून एक गंमत दिसते. डॉक्टरांना व्हिडिओ बघून शस्त्रक्रिया करू नका असं सांगावं लागतं, आणि पेशंट मात्र व्हिडिओ बघूनच शस्त्रक्रिया ठरवतो. त्या रीलमध्ये दाट केस, गाणं आणि सवलतीचा आकडा असतो. सूज, चट्टे, केस जिथून घेतले त्या जागेवरची विरळ पट्टी यांचा पत्ता नसतो. संमतीचा व्हिडिओ याच पडद्यावर, याच फोनवर, या रीलशी स्पर्धा करणार आहे. म्हणून तो कंटाळवाणा असून चालणार नाही, आणि खोटा असून तर मुळीच नाही.

माझं मत सांगायचं तर, व्हिडिओचा सगळ्यात मोठा फायदा तो दाखवताना होत नाही, दाखवून झाल्यावर होतो. डॉक्टरची सात मिनिटं वाचतात. ती पुढच्या पेशंटला दिली तर रांग थोडी लवकर सरकेल, एवढंच. ती याच पेशंटला दिली तर खरी संमती होईल. समोर बसायचं आणि म्हणायचं, "आजी, आता तुम्ही मला सांगा, उद्या आपण काय करणार?" आजी म्हणतात, "मांडीची कातडी काढून पायाला लावणार. दोन दिवसांनी पाय पहिल्यासारखा." दोन दिवस! तिथेच कळतं की व्हिडिओ कुठे पोहोचला नाही. मग पुन्हा समजवायचं. ही पद्धत शस्त्रक्रियेच्या कोणत्याही विभागात आजपासून सुरू करता येईल. तिला निधी लागत नाही, निविदाही लागत नाही. व्हिडिओला एक फोन, एक दुपार आणि स्वतःच्या फसलेल्या केसेस दाखवायची डॉक्टरची तयारी लागते. तिसरी गोष्ट मिळणं कठीण आहे, हे मान्य. पण ज्या विभागाकडे ती नाही, त्यानं व्हिडिओ न केलेलाच बरा.

वाचकांनी आपल्या बाजूनं एवढं करावं. कोणतीही त्वचेची शस्त्रक्रिया ठरली की सही करण्याआधी विचारा: हे नाही केलं तर काय होईल? माझ्या कातडीच्या रंगाच्या, माझ्या वयाच्या माणसाचा सहा महिन्यांनंतरचा फोटो बघायला मिळेल का, चांगला आणि वाईट दोन्ही? माझ्या भावंडांत कोणाचा व्रण जाड झालाय, हे तुम्ही विचारणार आहात का? माझे फोटो कुठे राहणार? फॉर्म घरी न्यायला मागा. द्यायला खळखळ झाली तर तीही माहितीच समजा. तीळ, कोड, कानाची पाळ, चरबीची गाठ यांतलं काहीही आठवडाभर थांबल्यानं बिघडत नाही. मात्र तळपायावरचा काळा डाग पसरतोय, तीळ रंग बदलतोय किंवा जखम महिनाभर भरत नाही म्हणून डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितला असेल, तर प्रश्न त्याच दिवशी विचारा आणि तारीख पुढे ढकलू नका.